मच्छिंद्र ड्रायव्हरचा उजवा पाय

मच्छिंद्र ड्रायव्हर कशालाच भीत नाही, असं ढोकीत कुणीही छातीठोकपणे सांगेल. सांगू द्या. लोकांनी त्याला एसटीच्या स्टेअरिंगवर पाहिलेला. भूम आगारात तीस वर्षं नोकरी, त्यातली सव्वीस वर्षं विनाअपघात, खाकी सदऱ्यावर बिल्ला. परांड्याचा रस्ता म्हणजे रस्ता कमी अन् खड्डे जास्त, त्यावर साठ माणसं, चार शेळ्या अन् एक बाळंतीण घेऊन त्यानं गाडी रात्रंदिवस हाकली. ब्रेक गेला तरी याचा चेहरा हलायचा नाही, असं त्याचे कंडक्टर सांगत. ते खरंच होतं. पण रिटायर होऊन ढोकीला आल्यावर त्याला जी भीती बसली, तिचा पत्ता कुणालाच नव्हता. बायकोला, बनाबाईलाही नव्हता. ती भीती त्याच्या उजव्या पायात होती.

सुरुवात झाली ती चपलेपासून. मागच्या उन्हाळ्यात एका भर दुपारी तो चौकातनं भाजी घेऊन घरी आला. नात श्रावस्ती ओट्यावर बसली होती. नऊ वर्षांची पोर, पण नजर फौजदाराची. ती म्हणाली, "आबा, तुमची एक चप्पल कुठाय?"

त्यानं खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी. बाहेर डांबर पाघळलेलं, कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं, अन् हा गडी पाव मैल एका चपलेवर चालत आला होता! चप्पल रसवंतीच्या समोर पडलेली सापडली. घरात सगळे पोट धरधरून हसले. बनाबाई म्हणाली, "म्हातारचळ लागला बघा तुमाला." तोही हसला. मग न्हाणीत जाऊन त्यानं तळवा वर करून पाहिला, तर टपोरे फोड आलेले. त्यावर बोट दाबलं. काही नाही. नख रोवलं. काही नाही. पाय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडून होता.

साखरेचा आजार त्याला बारा वर्षांपासनं होता. चार दिवसांनी कुणाला न सांगता तो धाराशिवला डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं त्याला डोळे मिटायला लावले आणि प्लॅस्टिकचा एक बारीक दोरा तळव्याला टोचत विचारलं, "लागलं की सांगा." मच्छिंद्र वाट बघत बसला. बराच वेळ झाला तसं त्यानं विचारलं, "साहेब, कवा चालू करणार?" डॉक्टर म्हणाला, "झालं की. दहा जागी टोचलं."

नसा मेल्या होत्या. डाव्यातल्या निम्म्या, उजव्यातल्या जवळजवळ सगळ्या. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या, एक नंबर मोठे बंद बूट घालायला सांगितले, रोज रात्री तळवा तपासायला सांगितला. आणि मग सहज विचारलं, "गाडीबिडी चालवता का?"

आता इथं खरं बोलायला काय झालं होतं? पण नाही. सव्वीस वर्षांचा बिल्ला तोंडावर हात ठेवून बसला. मच्छिंद्र म्हणाला, "आता कुठली गाडी साहेब? रिटायर झालो."

"बरं झालं," डॉक्टर म्हणाला. "अजिबात चालवायची नाही. पाय कुठं पडलाय हेच कळायचं नाही तुम्हाला."

हे वाक्य घेऊन तो घरी आला आणि कुणाला सांगितलं नाही. मी म्हणतो, एवढा शहाणा माणूस, गावाला अक्कल शिकवणारा, आणि स्वतःच्या घरात दातखीळ बसावी? पण त्याच्या जागी बसून बघा. सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर मान मिळाला, तीच हातची गेली असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. नाही निघालं त्याच्या तोंडातून.

त्याचा मुलगा अमरदीप संभाजीनगरला वाळूजच्या कंपनीत. सून गौरी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, शाळा तेरला. म्हणून ती आणि लेकरं ढोकीला सासू-सासऱ्यापाशी. अमरदीपनं जुनी पण चांगली चारचाकी घेऊन दारात लावली होती. गौरी रीतसर शिकली, लायसन काढलं, रोज तेरला गाडी नेऊ-आणू लागली. मच्छिंद्रला ते पथ्यावरच पडलं, गाडीला हात लावायची वेळच येईना. सहा महिने असे निघाले.

मग दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि अमरदीपचा फोन आला. स्पीकरवर होता, सगळे भोवती. "पोरांना घेऊन या. वेरूळ दाखवू, अजिंठा दाखवू. शाळेच्या पुस्तकातलं बघितलंय त्यांनी, आता डोळ्यांनी बघू दे."

लेकरं नाचायला लागली. गौरी म्हणाली, "मी आणते गाडी. मामा शेजारी बसतील." सासऱ्याला मामा म्हणायची आपल्याकडची रीत.

अमरदीप हसला. "तेरला जाणं येगळं गं, हायवे येगळा. आबा असताना तू कशाला? आबाच्या हातात पोरं असली की मला इथं शांत झोप लागती."

सगळे मच्छिंद्रकडं बघायला लागले. हीच वेळ होती. एक वाक्य, बस. पण लेकाच्या तोंडून आलेलं ते कौतुक त्याच्या गळ्यात असं अडकलं की खरं काही बाहेरच येईना. उलट तो म्हणाला, "तू बस म्होरं निवांत, गौरी. गाडी माझ्याकडं." म्हणाला आणि त्याच क्षणी त्याच्या कपाळावर घाम आला. बनाबाईनं पंखा वाढवला.

मग पुढचे आठ दिवस त्या माणसानं काय काय केलं म्हणता! जे हातात नव्हतं ते सोडून बाकी सगळं त्यानं इतकं पक्कं केलं की बघणाऱ्याला वाटावं, हा लेकरं घेऊन चंद्रावर चाललाय. चारी टायर स्वतः उभं राहून तपासून घेतले, स्टेपनीतसुद्धा हवा भरली. नातू प्रसेनजित चार वर्षांचा. त्याची बांधायची खुर्ची मागच्या सीटवर आवळून तीनतीनदा हलवून पाहिली. मागच्या काचेखाली छत्री, डबा, खेळणं, काही म्हणून ठेवायचं नाही. "गाडी थांबती, वस्तू थांबत न्हाय," तो म्हणाला, "डबा उडून डोक्यात बसतो. म्या बघितलंय." मागच्या दारांची लहान लेकरांसाठीची कळ लावून ठेवली, आतनं दार उघडू नये म्हणून. प्रसेनजितला गाडी लागायची, म्हणून निघायच्या दिवशी दूध बंद. सकाळी थोडी मऊ खिचडी, सोबत चुरमुरे आणि आलेपाक. मोबाइल अजिबात नाही. "खाली मान घातली की उलटी आलीच. लांबचा डोंगर बघायचा." आणि दर तासाला गाडी थांबणार, कुणाला लागली असो वा नसो.

एसटीतली एक रीत त्यानं गाडीत आणली. श्रावस्तीला कंडक्टर केलं. तिनं सगळ्यांचे पट्टे बघायचे, दारं बघायची आणि मगच दोनदा टिंग टिंग करायचं. तिनं बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवणार नाही, साक्षात साहेब आला तरी. पोरगी इतकी खूश झाली की गळ्यात बनाबाईची जुनी पर्स अडकवून दिवसभर सगळ्यांना तिकिटं देत फिरली.

गौरी म्हणाली, "मामा, आमच्या शाळेची सहल काढताना तुम्हालाच न्यायला पाहिजे. किती बारीक विचार करता!"

ते कौतुक त्याला झोंबलं. कारण त्याला ठाऊक होतं की हा विचार नाही, ही भीती आहे. घरात कुणी नसताना तो अंगणातल्या उभ्या गाडीत जाऊन बसायचा आणि पाय ब्रेकवरून रेसवर, रेसवरून ब्रेकवर न्यायचा. खाली बघितलं की जमायचं. वर बघितलं की पाय कुठं आहे याचा काही अंदाज लागायचा नाही. एसटीचा ब्रेक दाबायला मांडीचा जोर लागायचा, तो मांडीलाच कळायचा. ही कार, बोटानं दाबावी इतकी हलकी. मग त्यानं मनाशी धरलं, आवाजावर चालवू. इंजिनचा आवाज वाढला की पाय रेसवर, गाडीचं नाक खाली गेलं की पाय ब्रेकवर. साठ वर्षांचा माणूस स्वतःलाच थापा मारत होता, आणि त्याला ते कळतही होतं.

निघायचा दिवस उजाडला. सकाळचे आठ. गाडीतल्या छोट्या बुद्धमूर्तीपुढं गौरीनं हात जोडले, लेकरांनी त्रिशरण म्हटलं. बनाबाई दारात उभी राहून म्हणाली, "सावकाश जावा. लेकरं हायेत." श्रावस्तीनं सगळ्यांचे पट्टे ओढून बघितले, "टिंग टिंग!" ओरडली, आणि मच्छिंद्रनं गाडी काढली.

साखर कारखाना नुकताच सुरू झालेला. ढोकीच्या बाहेर पडेपर्यंतच पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. आणि तो एकदम थांबला. मच्छिंद्रनं ब्रेक दाबला. म्हणजे त्याला वाटलं, दाबला. गाडीचं नाक खाली गेलंच नाही. उसाच्या शेंड्यांची वाढी काचेवर यायला लागली. त्यानं खाली बघितलं, पाय ब्रेकच्या कडेवर नुसता टेकलेला. त्यानं तो उचलून हाणला. गाडी थांबली तेव्हा उसाचा एक शेंडा बॉनेटवर हलत होता.

मागं प्रसेनजित टाळ्या पिटत होता. "आबा, परत! परत!"

गौरीनं डॅशबोर्डवरचा हात काढला. "केवढ्यानं थांबला तो! मामा, तुम्ही होता म्हणून."

मच्छिंद्रनं आरशात मागं बघितलं. वळवावी का गाडी? अजून घर दिसतंय. पोट बिघडलं म्हणावं, चक्कर आली म्हणावं, काहीही म्हणावं. पण ट्रॅक्टर हलला, मागच्यानं हॉर्न दिला, आणि तो पुढं निघाला. माणूस असाच फसतो, थांबायची जागा मागं पडत जाते आणि तो पुढच्या जागी थांबू म्हणतो.

येडशीला हायवे लागला. चार पदरी, गुळगुळीत. लोकांना असा रस्ता बघून बरं वाटतं, याला धडकी भरली. डाव्या कडेनं तो चाळीसनं चालवायला लागला. ट्रक मागून येत, हॉर्न मारून निघून जात. एका टेम्पोवाल्यानं तर मान बाहेर काढून बघितलं की आत कुणी आजारी आहे की काय. आणि दर थोड्या वेळानं मच्छिंद्र मान खाली घालून पाय बघायचा. पाय बघेस्तोवर रस्ता सुटायचा, रस्ता बघेस्तोवर पाय. एकदा गाडी कडेच्या पांढऱ्या पट्टीवर गेली, चाकाखाली खडखड वाजलं. सदरा पाठीला चिकटला.

मागं मात्र जत्रा चालली होती. श्रावस्तीनं खेळ काढला होता, कुणाला आधी पवनचक्की दिसते. डोंगरावर त्या रांगेनं उभ्या. प्रसेनजितला जी दिसेल ती त्याचीच. त्याला ना मळमळलं, ना तो रडला. चुरमुरे खाल्ले, गाणी म्हटली, आईकडून गोष्ट वसूल केली. पोरं इतकी खूश होती आणि आरशात त्यांचे ते चेहरे बघून मच्छिंद्रला रडू येत होतं. तो मनातल्या मनात नुसतं मोजत होता, येरमाळा आलं, आता तेरखेडा, मग पारगाव, मग चौसाळा. संभाजीनगर अजून कुठल्या कुठं.

येरमाळा मागं पडलं आणि प्रसेनजितनं एकदम भोकाड पसरलं. "माझी लाल गाडी! माझी लाल गाडी न्हाय!"

चिप्सच्या पाकिटात आलेली प्लॅस्टिकची गाडी, अंगठ्याएवढी. ती त्याला झोपतानाही लागायची. गौरीनं पिशव्या उलथ्या केल्या. श्रावस्तीनं चौकशी सुरू केली. "रडू नको. शेवटी कुठं ठेवली होतीस?"

"पार्किंगमधी."

"कुठल्या पार्किंगमधी?"

"आबाच्या बुटात. सकाळी लावली."

गौरी खळखळून हसली. "आबांच्या बुटात असती तर आबांना टोचली नसती का रे, वेड्या! घरीच राहिली असेल."

मच्छिंद्र हसला नाही. त्यानं निघताना बूट घातले होते, ओट्यावरून गाडीपर्यंत चालत आला होता, आणि चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर याच पायानं ब्रेक दाबत होता. तो मनात म्हणत राहिला, नसू दे. घरी राहिलेली असू दे.

तेरखेड्याला रस्त्याच्या कडेनं फटाक्यांची दुकानंच दुकानं. बायकापोरांनी भरलेल्या गाड्या थांबलेल्या, डिक्या उघड्या, खोकी भरणं चाललेलं. मच्छिंद्रनं त्या दुकानांपासून बरीच पुढं, एका लिंबाखाली गाडी घेतली. हँडब्रेक ओढला. "चहा घेऊ," म्हणाला. गौरी लेकरांना घेऊन खाली उतरली. श्रावस्ती धाकट्याला सांगत होती, "फटाके नुसते बघायचे. गाडीत न्यायचे नसतात, आबांचा नियम आहे."

तिघं जरा लांब गेल्यावर त्यानं दार उघडलं, पाय बाहेर काढला आणि बुटाची नाडी सोडली. बूट निघाला तसा मोजा दिसला. पुढचा अर्धा भाग लालभडक, ओला. त्यानं मोजा सोलून काढला. अंगठ्याच्या मागं मांसात ती इवलीशी गाडी रुतून बसली होती, चाकं वर करून. त्यानं ती ओढली. निघताना रक्ताचा ओघळ आला. आणि या सगळ्यात त्याला काही म्हणजे काहीच कळलं नाही. दुसऱ्याच्या पायातला काटा काढावा तसं ते त्यानं नुसतं बघितलं.

"आबा, सापडली?" समोर प्रसेनजित उभा. चहाच्या टपरीवरून परत पळत आलेला. मागोमाग गौरी, त्याला धरायला धावत. ती जागीच थांबली.

पोरानं गाडी बघितली, पाय बघितला. "आबा," तो बारीक आवाजात म्हणाला, "माझी गाडी टोचली न्हाय का तुमाला?"

गौरीनं पोराला हळूच मागं ओढलं. तिच्या चेहऱ्यावर कळवळाच होता अजून. "मामा, अहो, एवढं लागलं तर बोलायचं नाही का? गाडी चालवतोय म्हणून सहन करत बसलात?"

बघा, सुटायला वाट आयतीच मिळाली होती. सुनेनंच काढून दिली. व्हय, टोचत व्हतं, म्हणलं थांबल्यावर काढू, एवढंच म्हणायचं. वर आणखी वाहवा झाली असती. संभाजीनगरात अमरदीपनं ते चार मित्रांना सांगितलं असतं. मच्छिंद्रच्या ओठांवर ते वाक्य आलंही. समोर पोरगं अजून त्याच्याकडं बघत होतं, उत्तराची वाट बघत.

"न्हाय टोचली, बाळा," तो म्हणाला. मग गौरीकडं बघायचा धीर होईना म्हणून पायाकडं बघत म्हणाला, "मला पाय कळत न्हाय, गौरी. उन्हाळ्यापासनं. डॉक्टरनं गाडी चालवू नगा म्हणून सांगितलंय. म्या लपवलं."

गौरीला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि पाठोपाठ लाल झाला. सासऱ्यापुढं जिनं कधी आवाज चढवला नव्हता, त्या बाईचा आवाज भर रस्त्यावर चढला.

"ढोकीला तो ट्रॅक्टर... तेव्हा?"

"तवाबी."

"माझी लेकरं मागं बांधलेली होती, मामा! मी त्यांना माझ्या हातानं बांधलं, तुमच्या भरवशावर! पट्टे काय, खुर्ची काय, बेल काय... आणि तुम्ही... तुमच्या नावासाठी?"

"व्हय," तो म्हणाला. "नावासाठीच."

श्रावस्ती पर्स पोटाशी धरून बघत होती. तिला सगळं कळलं नाही, पण आबा रडतायत एवढं कळलं. गौरीनं डोळे पुसले. डिकीतनं औषधांचा डबा काढला, त्यानंच आठवणीनं भरलेला. खाली बसली आणि बाटलीतल्या पाण्यानं त्याचा पाय धुतला, जखमेत कापूस घातला, पट्टी बांधली. तो "राहू दे, राहू दे" म्हणत होता. तिनं पट्टी आणखी घट्ट आवळली. त्याला ते नुसतं दिसलं, कळलं नाही.

तिनं अमरदीपला लावायला फोन काढला, बघितला, परत ठेवला. तो शिफ्टला होता, त्याचा फोन लॉकरमध्ये.

"परत जाऊ घरला," मच्छिंद्र म्हणाला.

"परत जायचं तरी गाडी मलाच चालवायचीय," ती म्हणाली. "मग पुढंच जाऊ. बीडला आधी दवाखाना, तुमच्या पायाला. मग पुढचं." आणि तिनं हात पुढं केला. त्यानं किल्ली दिली.

"मागं बसा. पोरांच्या मधे."

तो बसला. पट्टी बांधलेला पाय कुठं ठेवावा कळेना, म्हणून मधल्या उंचवट्यावर नीट बघून ठेवला. शेजारी खाली पाण्याची भरलेली बाटली होती. गौरीनं सीट पुढं घेतली, आरसे फिरवले, दोनदा गिअर चाचपला. श्रावस्तीनं या वेळी बेल अगदी हळू दिली. गाडी हायवेला लागली.

खरी भीती काय असते ते मच्छिंद्रला त्या पुढच्या अर्ध्या तासात समजलं. स्टेअरिंग हातात नाही, सून पहिल्यांदाच या रस्त्यावर, दोन्हीकडून दोन लेकरं त्याला टेकलेली. ट्रक जवळून गेला की गाडी हलायची आणि तो पुढची सीट घट्ट धरायचा. "डाव्या आरशात बघ," त्याच्या तोंडातनं निघालं.

"मामा, गप बसा," गौरी म्हणाली.

ती बेतानं चालवत होती. पन्नासच्या वर काटा जाऊ देत नव्हती. पुढच्या गाडीपासून चांगलं अंतर ठेवून होती, मच्छिंद्रनंच कधी काळी जेवताना सांगितलेलं. हळूहळू तिचे खांदे खाली आले. प्रसेनजित खुर्चीत झोपला, मान एका बाजूला टाकून. श्रावस्ती परत पवनचक्क्या मोजायला लागली. मच्छिंद्रला वाटलं, होईल. होईल बहुतेक.

पारगावच्या अलीकडं दुभाजकातल्या फटीतनं एक मोटारसायकल एकदम आडवी आली. दुधाचे दोन कॅन लावलेले, चालवणारा कानाला फोन लावून. गौरी ओरडली. तिनं ब्रेक दाबला. आणि मागं मच्छिंद्रनंही दाबला, तीस वर्षांच्या सवयीनं, होता नव्हता तेवढा जोर लावून. समोर जो ब्रेक नव्हताच, तो त्यानं बरोबर जागच्या जागी, सरळ समोर दाबला. त्याची त्याला पक्की खात्री होती.

गाडी जागेवर थांबली. पट्ट्यांनी सगळ्यांना धरलं. मोटारसायकलवाला फोन न सोडता निघून गेला. प्रसेनजित जागा झाला, इकडंतिकडं बघितलं, परत झोपला.

"आबा," श्रावस्ती म्हणाली, "पाणी."

त्यानं खाली बघितलं. त्याचा पाय उंचवट्यावर नव्हताच. तो उजवीकडं, वीतभर लांब, पाण्याच्या बाटलीवर होता. बाटली पार चपटी झालेली, झाकण उडालेलं, पाणी सगळीकडं पसरत चाललेलं. आणि पाय अजूनही दाबतच होता. तो थांबवावा हेसुद्धा त्याला बघितल्यावर कळलं. सरळ समोरचा ब्रेक आणि त्याच्या उजवीकडं वीतभर रेस, हे गणित त्याला झोपेतही चुकलं नसतं.

त्यानं दोन्ही हातांनी पाय उचलून बाजूला घेतला. डावीकडं झोपलेल्या पोराच्या छातीवर पट्टा वरखाली होत होता.

"गौरी," तो म्हणाला. "म्या असतो तर आत्ता रेस दाबली असती. पूर्ण."

गौरीनं मागं वळून बघितलं. त्याच्याकडं, मग बाटलीकडं, मग लेकरांकडं. तिनं गाडी कडेला घेतली, दिवे लावले. मग ती उतरली, मागचं दार उघडलं आणि वाकून त्याचा पट्टा ओढून बघितला, लेकरांचा बघतात तसा. तो सैल होता. तिनं तो आवळला.

"नीट टेकून बसा," ती म्हणाली, आणि दार लावून पुढं गेली.